रामराम, फर्गी!
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शनिवार, ९ डिसेंबर १९८९. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर मँचेस्टर युनायटेड आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस यांचा सामना होता. पॅलेस हा त्या वर्षी वरच्या विभागात नव्यानं आलेला संघ. तीन महिन्यांपूर्वीच लिव्हरपूलनं त्याला नऊ विरुद्ध शून्य असं धुतलं होतं. अशा संघाकडून युनायटेड आपल्याच घरात २-१ नं हरलं. आणि त्या दिवशी प्रेक्षकांत एक चादर उलगडली गेली. चादरीवर रंगानं लिहिलेलं होतं. मराठीत सांगायचं तर असं: तीन वर्षं नुसत्या सबबी, आणि खेळ अजून भिकारच. रामराम, फर्गी!

मूळ शब्द ‘टा-रा’ असा आहे. उत्तर इंग्लंडात निरोप घेताना लोक तो वापरतात. आपल्याकडे ‘नोकरीला रामराम ठोकला’ म्हणतात, त्याच्या अगदी जवळचा. आणि ‘फर्गी’ म्हणजे त्या वेळचे मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. चादरीवर ‘मिस्टर फर्ग्युसन’ लिहिलेलं नव्हतं, शिवीही नव्हती. गल्लीतल्या माणसाला हाक मारावी तशी हाक होती. कवी असल्यामुळे माझं लक्ष अशा ठिकाणी आधी जातं. ज्याला घालवायचं त्याला लाडक्या नावानं हाक मारणारा माणूस शत्रू नसतो, घरातला असतो.

चादर धरणारा खरोखर घरातलाच होता. लहानपणापासून त्या मैदानावर येणारा, पदरचे पैसे खर्चून परगावचे सामने गाठणारा. पुढं त्यानं एक पुस्तकही लिहिलं आणि त्याला चादरीवरच्या त्याच शब्दांचं नाव दिलं. तो चुकला, असं आज सगळं जग म्हणतं. मला मात्र वाटतं, त्या दिवशी जे दिसत होतं ते त्यानं बरोबर वाचलं होतं. म्हणून ती चादर जरा निवांत पाहू या.

आधी ‘मॅनेजर’ या शब्दाचा घोळ सोडवला पाहिजे. आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की बँकेतला किंवा गिरणीतला साहेब डोळ्यांसमोर येतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, सराव घेणारा, कोणता खेळाडू विकत घ्यायचा आणि कोणाला काढायचं हे ठरवणारा माणूस. पूर्वी तसं नव्हतं. अकरा जण कोण, हे क्लबचे संचालक टेबलाभोवती बसून ठरवत. हा अधिकार ज्यांनी स्वतःकडे ओढून घेतला त्यांत हर्बर्ट चॅपमन यांचं नाव पहिलं. हडर्सफील्डला त्यांनी १९२४ आणि १९२५ साली विजेतेपद मिळवून दिलं आणि मग ते आर्सेनलला गेले. तिथं पहिला करंडक यायला पाच वर्षं लागली. १९२९-३० च्या मोसमात आर्सेनल लीगमध्ये चौदावं होतं, पण एफए कप त्यांनी जिंकला, तोही हडर्सफील्डला हरवून. पुढच्याच वर्षी लीगही जिंकली. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागतील.

युनायटेडमध्ये हा अधिकार मॅट बस्बी यांनी आणला. १९४५ साली ते आले तेव्हा बॉम्बनं मोडलेलं मैदान होतं. बस्बींनी पोरांना हाताशी धरून संघ उभा केला. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकच्या विमानतळावर झालेल्या अपघातात त्यातले आठ खेळाडू गेले. त्या अपघातात एकंदर तेवीस माणसं दगावली. बस्बी स्वतः मरता मरता वाचले. दहा वर्षांनी, १९६८ साली, त्यांनी युरोपियन कप जिंकून दाखवला. अशा माणसाच्या खुर्चीत नंतर कोण बसणार? बसले एकामागून एक, आणि उठलेही. त्यातल्या टॉमी डोचर्टींच्या काळात, १९७४ साली, युनायटेड खालच्या विभागात घसरलं, तरी त्यांची नोकरी टिकली. आणि डेव्ह सेक्स्टन यांनी १९८१ च्या मोसमातले शेवटचे सात सामने ओळीनं जिंकले, तरी त्यांना नारळ मिळाला, कारण त्यांचा खेळ लोकांना रटाळ वाटत होता. जो घसरला तो राहिला आणि जो जिंकत होता तो गेला. मॅनेजरनं जावं की राहावं याचा हिशेब तक्त्यावरच्या आकड्यांत कधीच पुरता मावलेला नाही.

फर्ग्युसन ६ नोव्हेंबर १९८६ ला आले. ग्लासगोच्या गोदीकामगाराचा मुलगा. स्वतः कारखान्यात उमेदवारी केलेला आणि उमेदवारांच्या संपाचा पुढारी झालेला. सेंट मिरेन क्लबनं १९७८ साली त्यांना काढून टाकलं होतं. मग अ‍ॅबर्डीनसारख्या लहान शहराच्या क्लबला त्यांनी १९८३ साली युरोपातला करंडक मिळवून दिला, अंतिम सामन्यात समोर रेआल माद्रिद होतं. म्हणजे कर्तृत्व सिद्ध झालेलं होतं. पण युनायटेडमध्ये पहिल्या वर्षी संघ अकरावा आला, दुसऱ्या वर्षी दुसरा, तिसऱ्या वर्षी पुन्हा अकरावा. १९८९ च्या उन्हाळ्यात पैशांची थैली मोकळी सोडली गेली. गॅरी पॅलिस्टर या एका बचावपटूवर २३ लाख पौंड खर्च झाले, बचावपटूसाठी तो ब्रिटनमधला विक्रम होता. पॉल इन्स, नील वेब, माइक फेलन, डॅनी वॉलेस हेही आले. त्याच सुमारास पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड हे लोकांचे जीव की प्राण असलेले दोघे विकले गेले. आणि २३ सप्टेंबरला शेजारच्या मँचेस्टर सिटीनं युनायटेडला ५-१ असं लोळवलं. सिटी त्याच वर्षी खालच्या विभागातून वर आलेली! त्या दिवशी घरी जाऊन उशीखाली डोकं खुपसून पडलो, असं फर्ग्युसननी पुढं सांगितलं आहे. नोव्हेंबरच्या मध्यानंतर फेब्रुवारीपर्यंत लीगमध्ये युनायटेडला एकही सामना जिंकता आला नाही.

आता सांगा, हे सगळं पाहणाऱ्या माणसानं चादर रंगवली, तर त्याचं काय चुकलं? युनायटेडनं लीग शेवटची जिंकली होती १९६७ साली. तेव्हा जन्मलेली मुलं १९८९ साली मिसरूड फुटून कामधंद्याला लागली होती.

दुसरी बाजूही होती, पण ती गॅलरीतून दिसत नव्हती. फर्ग्युसन आले तेव्हा संघातल्या काही मोठ्या खेळाडूंचं पिणं हाताबाहेर गेलं होतं. मॅकग्रा आणि व्हाइटसाइड यांना घालवण्यामागं दुखापती होत्या तसं हेही एक कारण होतं. त्याहून मोठं काम चाललं होतं ते पोरांचं. शहरातली गुणी मुलं हेरण्यात सिटीची माणसं पुढं होती. फर्ग्युसननी शाळाशाळांत, वस्त्यावस्त्यांत आपली माणसं पेरली. सिटीच्या वर्गात सराव करणारा एक मुलगा त्यांच्या कानावर आला. त्याच्या चौदाव्या वाढदिवशी, २९ नोव्हेंबर १९८७ ला, युनायटेडचा मॅनेजर स्वतः त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. तो मुलगा म्हणजे रायन गिग्ज. चादर उलगडली गेली तेव्हा गिग्ज सोळा वर्षांचा होता. बेकहॅम, बट, गॅरी नेव्हिल त्याहून लहान. १९९२ साली युवकांचा एफए कप जिंकणाऱ्या संघात ही सगळी मुलं होती. पेरलेलं जमिनीखाली होतं, आणि तिकीट काढून आलेल्याला जमिनीवरचंच दिसतं. संचालकांना ते दिसत होतं. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स आणि संचालक मंडळावरचे बॉबी चार्लटन फर्ग्युसनच्या पाठीशी राहिले ते यामुळे. त्यातून या संचालकांची त्या वर्षी लोकांत किंमत काय होती तेही पाहा. ऑगस्टमध्ये मायकेल नायटन नावाचे गृहस्थ दोन कोटी पौंडांना क्लब घ्यायला निघाले होते. मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी ते युनायटेडचा सदरा घालून मैदानात उतरले आणि पायावर चेंडू खेळवून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही आठवड्यांत सौदा फिसकटला. असल्या मंडळींनी ‘जरा थांबा’ म्हटलं, तर कोण ऐकणार?

आणखी एक गोष्ट त्या वर्षाबद्दल सांगितलीच पाहिजे, नाहीतर चादरीचं मोल कळणार नाही. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे चाहते जाळीच्या कुंपणाशी चेंगरले. बळींची संख्या शेवटी ९७ झाली. दोष आधी चाहत्यांच्याच माथी मारला गेला. तो खोटा होता, हे अधिकृतपणे मान्य व्हायला कित्येक वर्षं गेली. त्या काळी इंग्लंडात फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे संशयित. सरकार त्याच्या गळ्यात ओळखपत्र अडकवायला निघालं होतं, तसा कायदाही १९८९ साली झाला. जानेवारी १९९० मध्ये न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला तेव्हा ती योजना बारगळली. अशा दिवसांत चाहत्यांना विचारतं कोण? म्हणून त्यांनी स्वतःची छोटी नियतकालिकं काढली. ‘रेड न्यूज’ १९८७ साली निघालं, ‘युनायटेड वी स्टँड’ १९८९ साली. घरगुती छपाई, आणि विक्री मैदानाबाहेरच्या फुटपाथवर. फर्ग्युसननी जावं की राहावं, याचा वाद तिथं चालायचा, पबमध्ये चालायचा, परगावी जाणाऱ्या बसमध्ये चालायचा. ‘वेळ द्या’ म्हणणारे होते, ‘पुरे झालं’ म्हणणारे होते, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त होते ते हरल्यावर एक बोलणारे आणि जिंकल्यावर दुसरं बोलणारे.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल तालमींनी वाढवला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावं मुळात तालमींची. शाहू स्टेडियमवर एका पेठेचा माणूस दुसऱ्या पेठेच्या चांगल्या खेळाडूचं कौतुक करतो, पण हळू आवाजात. ‘तालीम’ हा शब्द अरबीतून आला, अर्थ शिकवण. ‘वस्ताद’ फारसीतल्या उस्तादावरून. वस्तादाला ‘आता उठा’ म्हणायची रीत आमच्यात नाही, वस्ताद आपणहून बाजूला बसतो. इंग्लंडचा मॅनेजर वस्तादही असतो आणि पगारी नोकरही असतो, आणि सगळी भानगड तिथंच आहे. वस्ताद म्हणून त्याच्यावर श्रद्धा ठेवायची की नोकर म्हणून त्याच्याकडं हिशेब मागायचा?

माझा भाचा पंचविशीचा आहे. शनिवारी रात्री युनायटेडचा सामना लागला की घरात दुसरं काही चालत नाही. २०१३ पासून त्या क्लबचे मॅनेजर एकेक करून पडताना त्यानं पाहिले. प्रत्येकाच्या वेळी मित्रांशी त्याचं भांडण होतं आणि प्रत्येक वेळी तो तेच ब्रह्मास्त्र काढतो. ‘मामू, फर्ग्युसनला साडेतीन वर्षं काही मिळालं नव्हतं, दिला की नाही वेळ?’ मी त्याला म्हणतो, बाबा, पण त्या चादरवाल्याचंही ऐक. कविसंमेलनात मीही ‘बसा खाली’ ऐकलेलं आहे. राग आला होता. पण रात्री बारा वाजता सतरंजीवर बसून कविता ऐकायला थांबलेल्या माणसाचं ते ओरडणं होतं. ज्याला कवितेचं काही नव्हतं, तो केव्हाच घरी जाऊन झोपला होता.

तर १९९० चा जानेवारी. एफए कपच्या तिसऱ्या फेरीत युनायटेडला नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर जायचं होतं. तारीख ७, रविवार. समोरच्या बाकावर ब्रायन क्लफ. मॅनेजरचं नशीब म्हणजे काय हे क्लफइतकं कुणाला ठाऊक असणार! १९७३ साली त्यांनी डर्बी सोडलं तेव्हा त्यांना परत आणा म्हणून लोक रस्त्यावर आले होते, आणि १९७४ साली लीड्सनं त्यांना ४४ दिवसांत घरी पाठवलं होतं. युनायटेडचे ब्रायन रॉब्सन, इन्स, वेब, वॉलेस हे सगळे जायबंदी. वर्तमानपत्रांनी लिहून टाकलं होतं की हा सामना हरला की फर्ग्युसन गेले. ५६ व्या मिनिटाला मार्क ह्यूजनं पायाच्या बाहेरच्या बाजूनं चेंडू आत वळवला आणि मार्क रॉबिन्स नावाच्या, नुकतीच विशी गाठलेल्या पोरानं डोक्यानं तो जाळ्यात घातला. १-० नं युनायटेड जिंकलं.

पुढं हेरफर्ड, न्यूकासल, शेफील्ड युनायटेड, सगळे सामने परक्या मैदानांवर. त्या वर्षी कपचा एकही सामना ओल्ड ट्रॅफर्डवर झाला नाही, हेही बरंच झालं म्हणायचं. उपान्त्य सामन्यात ओल्डहॅमशी बरोबरी, मग फेरसामन्यात विजयाचा गोल पुन्हा रॉबिन्सचा. अंतिम सामन्यात समोर कोण? तेच क्रिस्टल पॅलेस! १२ मे ला ३-३ बरोबरी झाली. फेरसामन्याला फर्ग्युसननी आपला गोलरक्षक जिम लेटन याला बसवलं. अ‍ॅबर्डीनपासूनचा त्यांचा माणूस तो. १७ मे ला ली मार्टिनच्या एका गोलवर कप युनायटेडचा झाला. लीगमध्ये त्या वर्षी संघ तेरावा होता. चॅपमनचं आर्सेनल चौदावं होतं, आठवतं? साठ वर्षांनी जवळजवळ तोच हिशेब.

तेव्हापासून दंतकथा अशी की रॉबिन्सच्या गोलनं फर्ग्युसनची नोकरी वाचवली. एडवर्ड्स यांनी नंतर वारंवार सांगितलं की हरले असते तरी आम्ही त्यांना काढणार नव्हतो. संचालकांच्या नंतरच्या बोलण्यावर किती विसंबायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझ्यापुरतं सांगतो. ७ जानेवारीला कदाचित त्यांना काढलं नसतं. पण कपमधून बाहेर, लीगमध्ये तळाशी, मैदान अर्धं रिकामं, अशा अवस्थेत एप्रिल उजाडला असता तर तेच संचालक तेच बोलले असते, याची खात्री मला वाटत नाही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९९३ साली, सव्वीस वर्षांनी, लीग. १९९९ साली एकाच मोसमात तीन करंडक. २०१३ साली निवृत्त झाले तेव्हा खात्यावर तेरा लीग विजेतेपदं आणि एकूण ३८ करंडक. आणि या यशामुळेच डिसेंबर १९८९ ची गोष्ट बोधकथा होऊन बसली. वेळ दिला की सोनं होतं, असं सगळे म्हणू लागले. वेळ देऊनही ज्यांचं माती झालं, त्यांच्या बोधकथा कोण सांगणार?

फर्ग्युसननी स्वतः निवडलेले वारस डेव्हिड मॉइज. सहा वर्षांचा करार, आणि स्ट्रेटफर्ड एंडच्या गॅलरीत ‘निवडलेला तो हाच’ अशा अर्थाचा मोठा फलक. मार्च २०१४ मध्ये त्याच मैदानावरून एक विमान शेपटाला पट्टी बांधून गेलं, ‘चुकीचा निवडला, मॉइज चालते व्हा’. खाली बसलेल्या बहुतेकांनी विमानाचीच हुर्यो उडवली. महिन्याभरात मॉइज गेले. लुई व्हॅन गाल यांनी २०१६ साली एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत त्यांना काढलं. १९९० साली ज्या कपानं एकाची खुर्ची राखली, त्याच कपानं दुसऱ्याला दोन दिवसही दिले नाहीत. एरिक टेन हाग यांनी २०२४ च्या मे मध्ये तोच कप जिंकला, ते ऑक्टोबरपर्यंत टिकले.

आर्सेनलचे आर्सेन वेंगर हे तर या वादाचं महाभारत. १९९६ ला आले, २००३-०४ मध्ये अख्ख्या लीगमध्ये एकही सामना हरले नाहीत. मग नवं मैदान बांधण्याचं कर्ज आलं, चांगले खेळाडू विकावे लागले, आणि २००५ ते २०१४ करंडक नाही. घराघरांत दोन पक्ष पडले, बाप ‘राहू दे’ म्हणतोय आणि मुलगा ‘जाऊ दे’. १८ मार्च २०१७ ला वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर आर्सेनल हरत असताना वरून एक विमान गेलं, ‘करार नको, वेंगर बाहेर’. थोड्या वेळानं दुसरं विमान आलं, ‘आर्सेनवर आमचा विश्वास’. एकाच क्लबचे चाहते, आपापली वर्गणी काढून, आभाळात भांडत होते! त्या मे मध्ये वेंगरनी एफए कप जिंकला, नवा करार केला, आणि पुढच्या वर्षी गेले. त्यांना घालवलं ते विमानांनी नव्हे. २०१८ च्या वसंतात तिकिटं विकलेल्या खुर्च्या रिकाम्या दिसू लागल्या. भांडणारा चाहता परवडतो, तो घरी बसला की संचालकांना झोप येत नाही.

आणि तो विशीतला पोरगा, मार्क रॉबिन्स? फर्ग्युसनच्या संघात तो फार टिकला नाही. पुढं स्वतः मॅनेजर झाला. मार्च २०१७ मध्ये कोव्हेंट्री सिटीत दुसऱ्यांदा आला तेव्हा क्लब चौथ्या विभागाकडं घरंगळत होता. घरंगळलाही. २०१८ ला त्यानं तो वर काढला, २०२० ला आणखी वर. २०२३ साली प्रीमियर लीगच्या दारात, वेम्बलीवर, पेनल्टींवर हुकला. २१ एप्रिल २०२४ ला एफए कपच्या उपान्त्य सामन्यात समोर मँचेस्टर युनायटेड. तीन गोलांनी मागं पडलेल्या कोव्हेंट्रीनं ३-३ केलं, जादा वेळेत चौथाही केला, तो व्हिडिओ पाहून रद्द झाला, आणि मग पेनल्टींवर हार. ७ नोव्हेंबर २०२४ ला, संघ दुसऱ्या विभागात सतरावा असताना, कोव्हेंट्रीनं रॉबिन्सला काढलं. त्यानं काय काय केलं याची यादी वाचणारे होते, आणि तक्ता पुढं करणारेही होते. त्याच्या जागी फ्रँक लॅम्पार्ड आला आणि त्याच मोसमात कोव्हेंट्री पाचव्या स्थानावर पोचलं.

रॉबिन्स १ जानेवारी २०२५ ला स्टोक सिटीत रुजू झाला. त्या मोसमातला तो स्टोकचा तिसरा मॅनेजर. संघ तळाशी रेंगाळत होता. खालच्या विभागात जाता जाता तो वाचला, तोही शेवटच्या दिवशी.